पहिल्या पानावरचं बोट

आमच्या घरी टॅब्लेट आलेला तुम्ही दोघांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलात, आणि धाकट्यानं लगेच विचारलं, "आजोबा, तुम्ही गेम्स खेळता?" आजोबा म्हणाले, "हो रे. रोज हरतो." तुम्ही हसलात, मीही हसले आणि विषय तिथेच संपला. तो टॅब्लेट कशासाठी घेतला हे सांगायला कॉलवरची वेळ पुरली नसती, आणि सांगताना माझा आवाज नीट राहिला असता याचीही मला खात्री नव्हती. म्हणून लिहून ठेवते आहे. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसले तर दर दुसऱ्या वाक्याला थांबून काहीतरी समजावत बसावं लागेल. अडलं तर बाबा वाचून दाखवतील. त्यांनीही हे वाचायला हवंच आहे.

तुमच्या बाबांना एक धाकटी बहीण होती. आमच्या हॉलमध्ये दाराजवळ तिचा फोटो आहे. थोरली लहान असताना इथे आली होती, तेव्हा तिनं विचारलं होतं, "ही बेबी कोण?" मी म्हणाले, "तुझी आत्या." तर ती म्हणाली, "बेबी कशी आत्या असेल?" तुमची आत्या नुकती बोलायला लागली होती. एका जानेवारीत, बाहेर समोरचं झाड दिसू नये इतकं धुकं असताना, तिला मेंदूज्वर झाला आणि ती गेली. आजोबा ज्या हॉस्पिटलात डॉक्टर होते तिथेच गेली. त्याबद्दल याहून जास्त मी कधी बोलले नाही आणि इथेही लिहिणार नाही.

मला लिहायचं आहे ते तिच्या बोटाबद्दल.

आम्ही चंदिगडला आलो तेव्हा इथे मराठी माणसं फार नव्हती. हॉस्पिटलातले काही डॉक्टर, विद्यापीठातले काही प्राध्यापक, आणि दोन-तीन वर्षांसाठी बदलून येणारी फौजेतली आणि हवाई दलातली कुटुंबं. कुणी नागपूरचं, कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं. प्रत्येकाचं मराठी वेगळं. पण गणपती सगळ्यांचा एक. मूर्ती पुण्याहून यायची, सुट्टीवरून परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या मांडीवर बसून, रेल्वेनं. आणि गणपतीत आमच्या मराठी मंडळाचा हस्तलिखित अंक निघायचा.

हस्तलिखित म्हणजे काय हे तुम्हांला माहीत असायचं कारण नाही. छापलेलं मासिक नव्हे. मंडळातल्या लोकांनी लेख, कविता, पाककृती, प्रवासवर्णनं लिहायची. ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी ती मोठ्या जाड कागदांवर नीट उतरवायची. ज्यांचा हात चांगला त्यांनी चित्रं काढायची. आणि सगळं बांधून एक अंक करायचा. एकच. दुसरी प्रत नाही. तो गणपतीसमोर ठेवून त्याचं प्रकाशन व्हायचं आणि मग तो कापडी पिशवीतून घरोघर फिरायचा. वाचणाऱ्यानं मागच्या कोऱ्या पानांवर अभिप्राय लिहायचे. "वहिनींची अनारशांची कृती बरोबर आहे, अनारसे मात्र बिघडले" असले शेरे असायचे. अंक फिरून परत यायला दिवाळी उलटून जायची.

अक्षर माझं होतं. संपादनही माझ्याकडेच आलं, कारण कुणाचा लेख कधी द्यायचा, कुणी दिला नाही, कुणाकडे अंक अडकला, हे सगळं माझ्या डोक्यात असायचं. आजोबा म्हणायचे, "तू जरा जास्तच व्यवस्थित आहेस. एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवशील."

आमच्या मंडळानं स्वतःचा एक रिवाज पाडला होता. अंकाच्या पहिल्या पानावर नाव आणि गणपतीचं चित्र असायचं. प्रकाशनाच्या वेळी त्या पानाच्या कोपऱ्यात मंडळातल्या सगळ्यांत लहान मुलानं कुंकवाचं बोट टेकवायचं. कुंकू तेलात कालवलेलं, म्हणजे झडत नाही. कुणी सुरू केलं आठवत नाही. मोठ्यांनी लिहायचं आणि लहानांनी त्यावर मोहोर उठवायची, अशी काहीतरी गंमत होती. एका वर्षी ते लहान मूल म्हणजे आमची मुलगी होती.

आजोबांनी तिला उचलून घेतलं होतं. तिची अनामिका त्यांनी आपल्या दोन बोटांत धरली, वाटीत बुडवली आणि पानावर टेकवली. तिला ते इतकं आवडलं की हात मागे घेईना. "अजून!" म्हणाली. सगळे हसले. आजोबांनी घाईनं तिचा हात उचलला, त्यात कुंकू एका बाजूला थोडं ओढलं गेलं. मी म्हणाले, "पान खराब होईल हो, सांभाळा." मला पानाची काळजी होती. पुढच्या जानेवारीत ती गेली.

तिचे फोटो आहेत, चार-पाच. तिचे कपडे मी देऊन टाकले. ते कपाटात ठेवून मला त्या घरात राहता आलं नसतं. पण फोटो आपण काढतो, कपडे आपण शिवतो. तिनं स्वतः केलेली एकच गोष्ट या जगात उरली होती, ती म्हणजे त्या पानावरचं ते बोट. हे मी कधी असं शब्दांत म्हणाले नव्हते. आजोबाही म्हणाले नव्हते. पण दर वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी जेवण झालं की ते कपाट उघडायचे, तो अंक काढायचे, पहिलं पान उघडायचे आणि आपलं बोट त्या डागावर ठेवून बसायचे. मी तेव्हा स्वयंपाकघरात काहीतरी काम काढायची. तेल मुरून तिथला कागद पातळ आणि गुळगुळीत झाला होता. आधी लाल, मग विटकरी, आणि अलीकडे तर चहासारखा तपकिरी झाला होता तो ठसा.

हस्तलिखितं बंद पडून आता खूप वर्षं झाली. तुमच्या बाबांच्या पिढीतल्या मुलांना मराठी कळायचं, पण ती उत्तर हिंदीत द्यायची. त्यांच्याकडून लेख कुठून मिळणार? सगळे जुने अंक माझ्याकडेच राहिले, मलमलीत गुंडाळून, कडुनिंबाची वाळकी पानं घालून.

मग आजोबांचे डोळे गेले. पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध एक धूसर ठिपका येतो आणि ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं. कडेनं दिसतं. म्हणून ते हल्ली तुमच्याशी बोलताना मान तिरकी करतात. तुम्हांला वाटतं, ते खिडकीकडे बघताहेत. ते तुमच्याकडेच बघत असतात. वाचायचं तर अक्षर खूप मोठं लागतं. गेल्या एक-दोन गणपतींत त्यांनी अंक काढला, पान उघडलं, आणि ठसा शोधायला बोट फिरवत राहिले. गुळगुळीत जागा लागली की थांबायचे. "इथेच ना?" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "हो, इथेच." न बघता.

अशात शहरातल्या एका मोठ्या ग्रंथालयातून मंडळाला फोन आला. त्यांनी डिजिटल भांडार सुरू केलं होतं. चंदिगड वसलं तसे ठिकठिकाणांहून जे लोक इथे आले, त्यांच्याकडची जुनी कागदपत्रं, पत्रकं, स्मरणिका, हस्तलिखितं ते गोळा करत होते. कॅमेऱ्यानं प्रत्येक पानाचं छायाचित्र घ्यायचं, ते कायमचं जपून ठेवायचं, आणि जगात कुणालाही कुठूनही उघडून पाहता येईल असं ठेवायचं. मूळ वस्तू ज्याची त्याला परत. मंडळानं माझं नाव सांगितलं.

एक तरुण मुलगी घरी आली. चंदिगडजवळच्या खरडला राहायची, बसनं यायची, हातात हेल्मेटएवढा जेवणाचा डबा. तिनं अंक उघडले आणि श्वास रोखून बघत बसली. तिला मराठी वाचता येत नव्हतं. म्हणाली, "मॅम, ये तो ख़ज़ाना है. पर हमारे यहाँ पढ़नेवाला कोई नहीं. आप हर अंक का छोटा-सा परिचय लिख दोगे?"

मी विचारलं, "संगणक नाही वाचणार?"

"हाथ का लिखा नहीं पढ़ता जी. आप जो लिखोगे ना, बस वही ढूँढ़ने पर मिलेगा. जो नहीं लिखा, समझो है ही नहीं."

मला देण्याची घाई नव्हती. घाई आजोबांना होती. ती मुलगी निघून गेल्यावर ते म्हणाले, "देऊन टाक. लवकर दे."

"इतकी वर्षं कुणाला हात लावू देत नव्हता."

"अगं, स्क्रीनवर मोठं करता येतं. त्या पोरीनं फोनवर दाखवलं मला, कुठल्याशा जुन्या नकाशावरची अक्षरं केवढी करून दाखवली. मला दिसली." मग म्हणाले, "मला एकदा ते नीट बघायचं आहे."

ते म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी सतरा सेक्टरच्या बाजारात जाऊन त्यांनी टॅब्लेट घेतला. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, बच्चों के लिए?" हे म्हणाले, "हाँ, बच्ची के लिए." मी बाहेर कारंज्यापाशी जाऊन उभी राहिले.

अंक पाठवताना मी सगळं सांगून पाठवलं होतं. कुठल्या अंकात पिंपळाचं जाळीदार पान चिकटवलं आहे, कुठे फोटो सुटा झाला आहे, कुठली शाई ओली झाली तर फुटेल. कुंकवाबद्दल सांगितलं नाही. कुंकवाबद्दल काय सांगायचं असतं? ते आपल्याकडे पत्रिकेवर असतं, वहीवर असतं, दाराच्या चौकटीवर असतं. आणि ते सांगायचं म्हटलं असतं, तर कुणाचं बोट, हे सांगावं लागलं असतं.

मी रोज सकाळी बसून अंकांची ओळख लिहीत होते. हे काम मला आवडलं. कुणी काय लिहिलं, कोण कुठून आलं, पुढे कुठे बदलून गेलं. शिवाय प्रत्येक लेखकाची परवानगी लागत होती. जो हयात नसेल त्याच्या वारसाची. मी जुने पत्ते काढले, फोन केले. बरेचसे फोन मुलांनी उचलले. "आई गेली हो मागच्या वर्षी. पण तिची कविता आहे तुमच्याकडे? पाठवाल?" प्रत्येकानं आनंदानं सही करून पाठवली. आई-वडलांसाठी मुलांनी केलेल्या सह्या. मी त्या सगळ्या नीट लावून ठेवल्या.

अंक परत आले ते छान राखी रंगाच्या पेट्यांतून, एकेका पेटीत एकेक, जणू नवेच. मी बाकीच्या पेट्या उघडून तपासत होते. आजोबांनी वर्ष विचारून ती एक पेटी मागून घेतली, जेवणाच्या टेबलापाशी बसले, पान उघडलं आणि बोट फिरवायला लागले. वरून खाली, मग आडवं, मग पुन्हा.

"हा अंक नव्हे," ते म्हणाले.

"तोच आहे. वर्ष बघून दिलाय."

"पहिलं पान नाही मग हे."

"पहिलंच आहे हो. गणपती आहे ना वर?"

"इथे काही लागत नाही हाताला." त्यांनी माझा हात धरून पानावर नेला. "तूच बघ. सगळीकडे सारखंच आहे."

मी चष्मा लावून पाहिलं. गणपती होता, माझी अक्षरं होती, खालचा कोपरा स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नव्हे, बाकीच्या पानापेक्षा किंचित उजळ. मी पान उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं. मग टॅब्लेटवर ग्रंथालयाची वेबसाइट उघडली. तिथेही तेच पान, सुंदर, झगझगीत. मी कोपरा मोठा केला. अजून मोठा केला. कागदाचे धागे दिसायला लागले, बाकी काही नाही.

आजोबा मान तिरकी करून बसले होते. "दिसतंय का?"

या माणसाशी मी इतकी वर्षं संसार केला. त्यांना खोटं सांगणं सोपं होतं. त्यांना कळलंही नसतं. पण हाताला लागत नव्हतं, हे त्यांना आधीच कळलं होतं.

"नाही," मी म्हणाले. "पुसलंय."

पेटीचं झाकण त्यांनी स्वतः लावलं, चाचपडत, चारही कडा नीट बसल्या आहेत ना हे पाहत. मग आत जाऊन पडले. त्या दिवशी चहालाही उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात गेले. रिक्षात बसून मनात वाक्यं जुळवत होते, इंग्रजीत, कारण रागावायचं असलं की मला इंग्रजी बरं पडतं. त्या मुलीनं मला पाहिलं आणि लगबगीनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पान सांगितलं. तिनं संगणकावर शोधलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅम, वहाँ तेल का दाग था. पीछे तीन-चार पन्नों तक जा रहा था, काग़ज़ गल रहा था. हमारी लैब ने साफ़ किया. हमें लगा चाय गिरी है किसी की."

"कुमकुम था," मी म्हणाले. "मेरी बेटी की उँगली थी."

तिनं हळूच विचारलं, "दीदी कहाँ हैं अभी?"

जुळवलेली सगळी इंग्रजी वाक्यं कुठे गेली कोण जाणे. मी नुसती मान हलवली. ती मुलगी माझ्यासमोर रडायला लागली आणि मलाच तिच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. राग कुणावर धरायचा? तेल खरंच मागच्या पानांत उतरत होतं. औषधाचा बोळा फिरवून आणि टिपकागद दाबून ते काढलं नसतं तर काही वर्षांत पान तिथे तुटलंच असतं. त्यांनी पान वाचवलं होतं. सांभाळा, पान खराब होईल, असं मीही म्हणालेच होते ना तेव्हा.

डोळे पुसून ती एकदम उठली. "आंटी जी, रुको." मॅमची आंटी झाले होते मी. "साफ़ करने से पहले फ़ोटो लेते हैं. हर दाग की. नियम है."

आणि तो फोटो निघाला. भांडारात नव्हता, लॅबच्या स्वतःच्या कामाच्या फायलीत होता. पानाचा फक्त तो कोपरा. डागाच्या शेजारी एक छोटी मोजपट्टी ठेवलेली, रंगांच्या चौकोनांची एक पट्टी, आणि इंग्रजीत ‘उपचारापूर्वी’ अशी चिठ्ठी. मधोमध तपकिरी, एका बाजूला ओढलेलं, माझ्या मुलीचं बोट. मोजपट्टीमुळे ते किती लहान होतं हे मिलिमीटरमध्ये कळत होतं. मी आकडा वाचला नाही.

"ये भी ऊपर चढ़ा दूँ? उसी पन्ने के साथ?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. तिनं लगेच लिहायला घेतलं, आणि पहिल्याच ओळीला अडली. प्रत्येक चित्राला निर्मात्याचं नाव लागतं आणि त्यानं काय केलं तेही: लेखक, संपादक, चित्रकार, छायाचित्रकार. "आंटी जी, इनका क्या लिखूँ?" ती यादी खालीवर करत होती. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. काहीच बसत नव्हतं. शेवटी ‘इतर’ निवडलं. माझ्या मुलीचं नाव मी स्वतः टाइप केलं. ते नाव मी किती तरी वर्षांत लिहिलं नव्हतं. एक अक्षर चुकलं आणि मागे जाऊन दुरुस्त केलं.

मग ती फार संकोचून म्हणाली, "एक चीज़ और लगेगी. सबकी ली है ना आपने, परमिशन? इनकी भी..." तिनं परवानगीचा कोरा कागद पुढे सरकवला.

तो कागद मी घरी आणला. आजोबांना सगळं सांगितलं, फोटो आहे हेही सांगितलं. ते उठून बसले. मी कागदावर त्यांचं बोट सहीच्या जागी नेऊन टेकवलं.

"वर काय लिहिलंय?"

"कायदेशीर वारस."

"कुणाचा?"

"तिचा. तुम्ही."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. "वडिलांचे सगळे कागद मी केले," ते म्हणाले. "आईचे केले. माझे आपला मुलगा करेल. हे असं उलटं करायचं असेल तर ठरलेली जागा तरी असते का?"

"तीच जागा आहे. सगळ्यांना एकच कागद."

त्यांनी सही केली. डोळ्यांना दिसत नसताना करतात तशी, ओळीच्या बाहेर, तिरकी वर चढत गेलेली. मी ती तशीच दिली. एरवी मी दुसरा कागद मागवला असता.

काही दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. आम्ही दुपारी जेवणाच्या टेबलापाशी बसलो, उन्हाची चमक पडू नये म्हणून पडदा ओढला. मी पान उघडलं, पानाशेजारी तो फोटो उघडला.

"मोठं कर," आजोबा म्हणाले. मी केलं. "अजून." डाग सगळ्या काचेवर पसरला. त्यांनी मान उजवीकडे कलवली, मग डावीकडे, पक्षी दाण्याकडे बघतो तशी. आणि मग एकदम थांबले.

"रेषा आहेत गं तिच्या बोटाच्या. बारीक, कमानीसारख्या."

मी वाकून पाहिलं. एका कडेला खरंच होत्या, तपकिरीच्या आत तपकिरी. कागदावर इतकी वर्षं मला त्या कधी दिसल्या नव्हत्या. मी बघितलंच नव्हतं.

"आणि हे इथे मोठं काय आहे, तिच्या शेजारी?"

"कुठे?"

"हे. अर्धं."

तिच्या बोटाला लागून एक फिकट, रुंद कड होती. मी ती तेलाची समजत होते. तिथेही रेषा होत्या, जाड.

"माझा अंगठा," आजोबा म्हणाले. "घट्ट धरलं होतं मी तिला. ऐकतच नव्हती." ते हसले, आणि त्याच हसण्यात त्यांचा आवाज फुटला. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"शेजारी काय लिहिलंय चिठ्ठीवर?"

मी वाचून दाखवलं. "उपचारापूर्वी."

ते पुढे झुकले आणि नेहमीसारखं आपलं बोट त्या ठशावर ठेवलं. काचेवर. पान सरकलं. ठसा बाजूला गेला आणि बोटाखाली पांढरा कागद आला.

"गेलं," ते म्हणाले.

मी परत आणलं. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं, पुन्हा सरकलं. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी हळू टेकवलं, तरी बोटाखाली ते चित्र कुठे थांबतं? दोन बोटं लागली तर चित्र एकदम लहान होऊन कोपऱ्यात जाई. आता इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते नीट दिसत होतं, आणि हात लावला की ते जात होतं. कागदावर उलट होतं: दिसत नव्हतं, पण हाताखालून कधी हललं नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले. "मोठंही नको इतकं. होतं तेवढंच कर."

मी त्या मोजपट्टीकडे बघत हळूहळू लहान केलं. आमची शिवणाची टेप आणून काचेवर धरली आणि मापाला माप लागेपर्यंत कमी केलं. मग ते खरंच तेवढं झालं.

मी त्या अंकाची ओळख नव्यानं लिहिली आहे. आता तिचं नाव टाकून शोधलं की ते पान निघतं. लिंक बाबांना पाठवते आहे. तिघांनी मिळून उघडा. रेषा दिसायला खूप मोठं करावं लागतं, आणि बाजूचा अंगठा आजोबांचा आहे, तोही बघा.

कागदाचा अंक त्याच्या राखी पेटीत आहे. तो यंदा गणपतीत कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर आजोबा टेबलापाशी येऊन बसले. मी या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. टॅब्लेट दोन्ही हातांनी धरून त्यांच्यासमोर बसले, आणि त्यांनी आपलं बोट तिच्या बोटाच्या वर, अगदी जवळ आणून, काचेला न लावता तसंच धरून ठेवलं.